डोंगरउतारावरील खाणीसाठी टाकाऊ दगडाचे व्यवस्थापन आणि भू-पुनर्स्थापना: एका एकत्रित सेवेचे परीक्षण

मी ज्या खाणीच्या पर्यावरण विभागात काम करतो ती डोंगराच्या वरच्या अंगाला आहे. तिच्यातून निघणारा टाकाऊ दगड ज्या उतारावर रचला जातो त्याच्या खाली दरी आहे, दरीत ओढा आहे आणि ओढ्याच्या काठाने वस्ती आहे. या दगडाचे वर्गीकरण करणे, त्याच्या डंपांची, म्हणजे रचलेल्या ढिगाऱ्यांची, रचना ठरवणे, पाण्याला वाट काढून देणे आणि काम संपलेल्या उतारांवर पुन्हा माती व झाडोरा आणणे ही सगळी कामे आमच्याकडे एकाच एजन्सीने एकत्रित सेवा म्हणून केली. एजन्सीचे नाव मी देत नाही. पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्यांतल्या काही तिच्या आहेत, तर काही अशा कामांच्या करारांचा जो नमुना सर्रास वापरला जातो त्याच्या आहेत, आणि नाव घेतले की सगळा दोष एकट्या तिच्यावर जाईल. माझे मत मात्र स्पष्ट आहे. दगड आणि पाणी यांचे काम या एजन्सीने उत्तम केले, माती आणि झाडोऱ्याचे काम सुमार केले, आणि देखरेखीचे काम चांगल्या हेतूने पण ढिलाईने केले. यातली कोणती बाजू फोटोत दिसते आणि कोणती दिसत नाही याकडे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण बिले फोटोत दिसणाऱ्या कामाची लवकर निघतात.

सपाटीवरच्या खाणीचे आडाखे डोंगरावरच्या खाणीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि सेवा देणाऱ्याला याची जाण आहे की नाही हे पहिल्या पाहणीतच जोखावे. सुरुंगाने फोडलेला दगड मूळ जागेपेक्षा साधारण ३० ते ४० टक्के जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काढलेला सगळा दगड खड्ड्यात परत भरता येत नाही आणि उरलेला कुठेतरी उतारावरच रचावा लागतो. त्यातच डोंगराच्या पोटातले झरे ऋतूनुसार जागा बदलतात. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी वाटणारी घळ पावसाळ्यात आतून भिजलेली असते. वेल्समधील ॲबरफॅन येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीच्या टाकाऊ मालाचा सातव्या क्रमांकाचा ढिगारा डोंगरावरून घसरून गावातल्या शाळेवर आणि घरांवर आला. त्यात १४४ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांतील ११६ मुले होती. तो ढिगारा झऱ्यांवर रचलेला होता, आणि ते झरे नकाशावर दाखवलेलेही होते. डंपची जागा निवडताना ही घटना ज्याला आठवत नाही, त्याच्या हाती डोंगरावरचे काम देऊ नये असे माझे ठाम मत आहे.

या कसोटीला एजन्सी पूर्ण उतरली. तिच्या भूजलतज्ज्ञाने जुने सर्वेक्षण-नकाशे मागवले, पाऊस थांबल्यावरही ओलसर राहणारे पट्टे उतारावर हिंडून खुणावून घेतले आणि कुठे ओलाव्यात वाढणारे गवत आहे, कुठे मातीला बुळबुळीतपणा आहे, हे टिपून ठेवले. खाणीच्या नियोजन विभागाला हव्या असलेल्या एका घळीत डंप करण्यास तिने लेखी नकार दिला. ती घळ खड्ड्याच्या जवळ होती, तिथे डंपरची फेरी लहान झाली असती आणि डिझेल वाचले असते. नाराजी पत्करून एजन्सी आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली आणि डंप दुसरीकडे गेला. पैसे देणाऱ्याला नाही म्हणण्याची ही तयारी एखाद्या सल्लागाराच्या अंगी आहे का, हे निविदेच्या कागदांवरून कळत नाही. म्हणून जुन्या ग्राहकांना फोन करून नेमके एवढेच विचारावे की या लोकांनी तुम्हाला कधी नकार दिला होता का.

दगडाच्या वर्गीकरणाचे काम या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग ठरला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. टाकाऊ दगडात पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजे असली की ती हवा आणि पाणी यांच्या संपर्कात आल्यावर त्यांतून आम्ल तयार होते. ते आम्ल दगडातले तांबे, जस्त, कॅडमियम यांसारखे धातू विरघळवून ओढ्यात नेते, आणि हे काम जोरात करणारे जिवाणू अशा पाण्यात आपोआप वाढतात. दगडात चुनखडीचा अंश पुरेसा असेल तर आम्ल जागीच शमते. त्याचा हिशेब साधा आहे. एक टन दगडात एक टक्का गंधक सल्फाइडच्या रूपात असेल, तर त्यापासून होणारे आम्ल शमवायला ३१.२५ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागते. शमवण्याची क्षमता आम्ल निर्माण करण्याच्या क्षमतेच्या दुपटीहून अधिक असेल तर दगड सहसा बिनधोक धरतात, ती एकास एक या प्रमाणाच्या खाली आली तर तो धोक्याचा, आणि या दोहोंच्या मधला दगड संशयित मानून त्याची पुढची तपासणी करतात.

हे गणित पुस्तकात सगळेच वाचतात. प्रत्यक्ष खाणीत ते कसे उतरवायचे, हे या एजन्सीने दाखवून दिले. प्रत्येक ब्लास्टच्या आधी ड्रिलच्या भोकांभोवती जी भुकटी साचते तिचे नमुने तिची माणसे पिशव्यांत भरत. प्रत्येक पिशवीवर भोकाचा क्रमांक असे आणि तिची तपासणी खाणीवरच्या छोट्या प्रयोगशाळेत होई. ब्लास्टनंतर मालाच्या ढिगावर तीन रंगांचे झेंडे लागत. पोकलेनचा चालक झेंडा पाहून डंपर भरी, डंपरच्या चालकाला वॉकीटॉकीवरून जागा सांगितली जाई आणि धोक्याचा दगड घेऊन निघालेला डंपर बिनधोक डंपाकडे वळला तर फाटकावरचा माणूस तो परत फिरवी. सुरुवातीला या व्यवस्थेवर उत्पादन विभागाची कुरकुर होती. पण कोणता दगड कुठे पडला आहे याचा नकाशा आज आमच्याकडे आहे. जुन्या खाणींना नेमका हाच नकाशा मिळत नाही, आणि मग त्यांना सगळाच डंप धोक्याचा धरून खर्च करावा लागतो.

संशयित दगडासाठी दमट हवेच्या नळकांड्यांची चाचणी लावली होती. तिच्यात तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट हवा आणि सातव्या दिवशी दगड पाण्याने धुऊन त्या पाण्याची तपासणी, असे चक्र आठवड्यामागून आठवडे चालते. निकाल मिळायला निदान २० आठवडे लागतात, बरेचदा त्याहून किती तरी अधिक. या काळात व्यवस्थापनाकडून घाई होते, कारण सुरुवातीचे आकडे चांगले दिसतात. ते चांगले दिसतात याचे कारण चुनखडी अजून संपलेली नसते. ती संपल्यावर आम्ल बाहेर पडते, आणि तोवर वर्षे उलटलेली असतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली ब्रिटानिया ही डोंगरातली तांब्याची खाण १९७४ मध्ये बंद झाली, तरी तिच्यातून येणाऱ्या आम्लयुक्त पाण्यावर आजही प्रक्रिया करावी लागते. एजन्सीने घाईला दाद दिली नाही आणि निकाल येईपर्यंत संशयित दगड वेगळा ठेवला.

या भागात एक उणीव मात्र होती. एजन्सीच्या मूळ प्रस्तावात सगळे लक्ष आम्लावरच होते. पाणी आम्लधर्मी नसतानाही जस्त, आर्सेनिक किंवा सेलेनियम त्यात उतरू शकते, आणि सुरुंगाच्या दारूचे जे अवशेष दगडाला चिकटून राहतात त्यांतून नायट्रेट ओढ्यात जाते. ब्रिटिश कोलंबियातल्याच एल्क खोऱ्यातील डोंगरी कोळसा खाणींचा मोठा प्रश्न आम्लाचा नसून सेलेनियमचा आहे. आम्ही आग्रह धरल्यावर हे घटक तपासणीत घेतले गेले, पण ग्राहकाने न मागता ते यादीत असायला हवे होते. अशी सेवा घेणाऱ्याने पाण्याच्या तपासणीचे घटक करारावर सही करण्याआधी नावानिशी लिहून घ्यावेत.

डंपच्या रचनेचे काम असेच भक्कम झाले. दगड उताराच्या कडेवरून नुसता खाली लोटला की मोठे धोंडे घरंगळत तळाशी जातात आणि बारीक माल वर राहतो. त्यामुळे तळाच्या धोंड्यांमधून हवा आत शिरते, डंपच्या आत तापलेली हवा वर चढते आणि खालून नवी हवा ओढली जाते. गंधकयुक्त दगडाला याहून वाईट रचना नाही. शिवाय असा डंप साधारण ३५ ते ३८ अंशांच्या, म्हणजे दगड जेमतेम टिकेल अशा उतारावर उभा राहतो, आणि त्यावर ना माती टिकते ना माणूस सुरक्षितपणे चालू शकतो. एजन्सीने धोक्याच्या दगडाचा डंप तळापासून वर, कमी उंचीच्या थरांत रचायला लावला. प्रत्येक थर डंपरच्या चाकांनी आणि रोलरने दाबला गेला, आणि कडेचा उतार अखेरीस तीन आडव्याला एक उभा, म्हणजे १८ अंशांच्या आसपास, आणला गेला. बिनधोक दगडाच्या डंपाला दोनास एक हा अधिक उभा उतार चालेल, हे तिने स्थिरतेची गणिते मांडून पटवून दिले आणि तिथे जागा वाचवली.

तळापासून रचण्याला खर्च जास्त येतो, हे खरे आहे. डंपरला दगड डोंगराच्या खालच्या टप्प्यापर्यंत उतरवून न्यावा लागतो आणि रिकामे परत चढावे लागते. पण वरून लोटलेला डंप पुढे डोझरने सपाट करून त्याचा उतार कमी करायचा झाला तर त्याचा पायथा दरीत आणखी पुढे सरकतो. दरीत तेवढी जागा नसेल तर तो उतार कधीच नीट होत नाही. डोंगरावर ही अडचण ठरलेलीच असते, म्हणून पुनर्स्थापनेचे काम डंपचा पहिला डंपर रिकामा होण्याआधीच सुरू होते, असे मी मानतो. एजन्सीनेही ते तसेच मानले.

पाण्याविषयी तिची समज मला सर्वांत अधिक भावली. डंपच्या वरच्या अंगाने येणारे स्वच्छ पाणी डंपाला स्पर्शही न करता बाजूने ओढ्यात नेणारा गार्लंड ड्रेन तिने डंप सुरू होण्याआधी बांधून घेतला, आणि डंपवर पडलेले पाणी वेगळ्या चरांनी गाळ-तलावात नेले. स्वच्छ आणि मळलेले पाणी एकदा मिसळले की सगळेच पाणी मळलेले धरून त्यावर प्रक्रिया करावी लागते, आणि डोंगरावर पाणी भरपूर येते, तलावाला जागा मात्र कमी असते. चरांच्या तळाशी धोंड्यांचे अस्तर होते आणि उतार जिथे एकदम वाढतो तिथे पाण्याचा जोर मोडण्यासाठी गॅबियनच्या, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या पेट्यांच्या, पायऱ्या होत्या. पहिला मुसळधार पाऊस येऊन गेल्यावर मी तज्ज्ञांबरोबर त्या चराच्या काठाने वरपासून खालपर्यंत चाललो. अस्तराच्या धोंड्यांवर पाण्याची उंची दाखवणारी गाळाची रेघ स्पष्ट दिसत होती आणि ती चराच्या काठाच्या बरीच खाली होती. एका वळणावर मात्र ती काठाला लागलेली होती. कोणीही न सांगता एजन्सीच्या माणसाने तिथे रंगाची खूण केली, आणि पुढच्या पावसाआधी ते वळण रुंद केले गेले.

डंपच्या तोंडावर उताराला आडव्या सपाट पायऱ्या म्हणजे बेंच ठेवण्याची जी जुनी पद्धत आहे, ती मात्र एजन्सीने विचार न करता उचलली असे वाटते. बेंच काही काळाने कुठेतरी खचतो, त्या खोलगट जागी पाणी साचते आणि तिथून एकदम खाली फुटून मोठी घळ पाडते. नैसर्गिक डोंगराचा उतार वर उभा आणि पायथ्याकडे सौम्य होत गेलेला असतो, आणि त्याच्या अंगावर छोट्या घळींचे जाळे असते. डंपला तसाच आकार देण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी वापरली जाते. आमच्या एका डंपावर निदान प्रयोग म्हणून ती वापरून पाहावी असे आम्ही सुचवले होते, पण एजन्सीकडे तसे आरेखन करणारा माणूस नव्हता.

टेलिंगविषयी, म्हणजे खनिज वेगळे काढल्यावर उरणाऱ्या बारीक, पाणीमिश्रित गाळाविषयी, थोडक्यात लिहितो, कारण आमच्याकडे त्याचे प्रमाण कमी आहे आणि या सेवेत तो भाग केवळ सल्ल्यापुरता होता. इटलीतील स्टावा येथे १९ जुलै १९८५ रोजी डोंगरावरचे टेलिंगचे वरचे धरण फुटून खालच्या धरणावर आले आणि २६८ जण दगावले. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी तसेच धरण क्षणार्धात द्रवरूप होऊन वाहिले आणि २७० जणांचा बळी गेला. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये टेलिंगच्या व्यवस्थापनाचे जागतिक उद्योग मानक प्रसिद्ध झाले. एजन्सीने त्या मानकाच्या आधारे टेलिंगमधले पाणी फिल्टरने पिळून काढून कोरडा माल रचून दाबण्याचा सल्ला दिला. तो योग्य होता आणि आम्ही तो स्वीकारला. पाणी भरून ठेवायचेच नाही, हाच डोंगरावरचा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

आता माती आणि झाडोरा. या कामाचे फोटो एजन्सीच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर आहेत, आणि माझी खरी तक्रारही याच कामाबद्दल आहे.

खाण उघडताना काढलेली वरची माती जपून ठेवणे ही पुनर्स्थापनेची पहिली पायरी असते. त्या मातीत स्थानिक झाडांचे बी असते, मुळांना साथ देणारी बुरशी असते, गांडुळे आणि जिवाणू असतात. ती उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिली की आतल्या भागात हवा पोहोचत नाही आणि हे सगळे मरते. म्हणून ढीग दोन-तीन मीटरपेक्षा उंच करू नये, आणि शक्य असेल तिथे एकीकडची माती काढून ती लगेच तयार झालेल्या दुसऱ्या उतारावर पसरावी. आमच्याकडे जागा अपुरी होती हे मान्य, पण एजन्सीने थेट पसरण्याचे वेळापत्रक आखलेच नाही. माती उंच ढिगात रचली गेली, आणि ढीग उघडला तेव्हा आतल्या मातीला कुबट वास येत होता व ती हातात ढेकळासारखी दाबली जात होती. तिला माती म्हणायचे ते नावालाच.

ती माती उतारावर पसरल्यावर डोझरने वरखाली फिरून चांगली दाबली गेली. डोझर उतारावर वरखाली चालला की त्याच्या पट्ट्यांच्या खाचा उताराला आडव्या उमटतात आणि पाणी अडते, हा त्यामागचा विचार. दिसायलाही तो उतार नीटनेटका दिसतो. गवताची वाढ मनासारखी होत नाही हे लक्षात आल्यावर त्या उतारावर मी एक चाचणी खड्डा खणून घेतला. वर वीतभर काळपट माती होती. तिच्या खाली डोझरने घोटलेला गुळगुळीत कडक थर लागला, इतका कडक की कुदळीचा टवकाच उडे. गवताची मुळे त्या थरापर्यंत येऊन आडवी वळली होती आणि एकमेकांत गुंतून त्यांची चटई झाली होती. एकही मूळ खाली गेलेले नव्हते. असे गवत ओलावा असेतोवर हिरवे राहते आणि पुढे कोरड्या हंगामात उन्हाने जळते.

हा दोष नवा नाही, आणि म्हणूनच तो खटकतो. अमेरिकेत १९७७ च्या पृष्ठभागी खाणकामाच्या कायद्यानंतर ॲपलाचियन पर्वतरांगांतील कोळसा खाणींचे उतार स्थिरतेसाठी इतके घट्ट दाबले गेले की तिथे जंगल परत येईना. पुढे २००४ मध्ये सरकारी आणि विद्यापीठीय तज्ज्ञांच्या पुढाकारातून तिथे झाडांसाठी वेगळी पद्धत पुढे आली. तिच्यात वरचा निदान १.२ मीटरचा थर मुद्दाम सैल ठेवतात, दाबणे टाळतात आणि झाडांशी स्पर्धा करणार नाही असे विरळ, ठेंगणे गवत पेरतात. एजन्सीच्या प्रस्तावात या पद्धतीचा उल्लेख होता. उतारावर ती दिसली नाही.

यात खरा पेचही आहे, आणि तो एजन्सीने सोडवायला हवा होता. धोक्याच्या दगडाच्या डंपावर पाणी आणि हवा आत जाऊ नये म्हणून चिकणमातीचा घट्ट थर हवाच. मग मुळांना वाढायला त्याच्यावर जाड, सैल थर हवा. नाही तर मुळे एक तर आडवी पसरतात किंवा घट्ट थराला भेगा पाडून खाली जातात, आणि मग आच्छादनाचा उपयोगच संपतो. बिनधोक दगडाच्या डंपाला अशा घट्ट थराची गरज नसते. आमच्याकडे दोन्ही डंपांवर एकच कृती वापरली गेली. दगडाचे इतक्या काळजीने वर्गीकरण करणाऱ्या संस्थेने त्या वर्गीकरणाचा उपयोग मातीच्या कामात करू नये, याचे मला वाईट वाटते. दोन्ही कामे करणारी पथके वेगळी होती आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती, असा माझा निष्कर्ष आहे. एकत्रित सेवा घेताना पथके प्रत्यक्षात किती एकत्र काम करतात, हे विचारून घ्यावे.

बी पेरण्याचे काम पाण्याच्या फवाऱ्याने झाले. टँकरमध्ये बी, खत, लाकडाचा भुसा आणि चिकटपणा आणणारा पदार्थ मिसळून तो पातळ लगदा उतारावर मारतात. कुठे फवारा पडला हे कळावे म्हणून त्या लगद्यात हिरवा रंग घालतात. त्यामुळे फवारणीच्या दिवशीच सगळा उतार हिरवागार दिसतो, आणि दुरून घेतलेल्या फोटोत ते गवतच वाटते. एजन्सीने असे फोटो प्रगती अहवालात लावले होते आणि त्यांच्या खाली फवारणीची तारीखही दिलेली होती, म्हणून फसवणुकीचा आरोप मी करत नाही. पण ज्यांच्या हातात मंजुरी असते त्यांना या रंगाची माहिती असलीच पाहिजे. उताराचा फोटो मागायचा तर निदान एक कोरडा हंगाम लोटल्यानंतरचा मागावा आणि जमिनीपासून हातभर उंचीवरून घेतलेला मागावा.

पुढे भरपूर खत घातल्यामुळे गवत दाट आले, आणि त्याने स्थानिक रोपांना ऊन आणि ओलावा मिळू दिला नाही. खत थांबल्यावर गवतही विरळ झाले. तोवर बिल निघालेले होते, कारण करारात अट होती ती केवळ हिरव्या आच्छादनाच्या टक्केवारीची. गवत परके आहे की स्थानिक, झुडपे जगली की नाही, मुळे किती खोल गेली, यांपैकी काहीच मोजायचे नव्हते. जे मोजले गेले ते एजन्सीने पूर्ण केले, एवढे तिच्या बाजूने म्हणावे लागेल.

काथ्याच्या जाळीचे काम मात्र नमूद करण्यासारखे होते. जाळीचा वरचा काठ चर खणून पुरलेला होता, जोड एकमेकांवर नीट चढवलेले होते आणि खुंट्या जवळजवळ होत्या. जाळी जमिनीला चिकटून बसली नाही तर पाणी तिच्याखालून वाहते आणि वरून काहीच दिसत नाही. अशी एक जागा मोठ्या धोंड्यांच्या पट्ट्यात सापडली आणि एजन्सीने ती स्वखर्चाने उखडून पुन्हा बसवली. शेवटच्या टप्प्यात, आमच्या आग्रहावरून, एका उतारावर पोकलेनच्या बादलीने मुद्दाम खड्डे-उंचवटे करून पृष्ठभाग सैल आणि ओबडधोबड ठेवला. तो उतार बघायला राकट आहे. भेट द्यायला आलेले अधिकारी तो अपुरा राहिलेला समजतात. पण खड्ड्यांत पालापाचोळा आणि ओलावा साठतो, वाऱ्याने आलेले बी तिथे रुजते, आणि शेजारच्या नीटनेटक्या उतारावर न दिसणारी स्थानिक झुडपे तिथे आपोआप उगवली आहेत. पाण्याने पडलेल्या घळीही तिथे कमी आहेत.

देखरेखीविषयी दोन गोष्टी. डंपच्या आतला पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर आणि हालचाल टिपणारे प्रिझम एजन्सीने योग्य जागी बसवले. दाब कोणत्या पातळीला गेला की डंपिंग थांबवायचे आणि कोणत्या पातळीला खालच्या वस्तीला इशारा द्यायचा, हेही ठरवून दिले. हे काम पहिल्या दर्जाचे आहे. पण पाण्याच्या तपासणीचे अहवाल उशिरा येत, आणि त्यांत महिन्याची सरासरी दिलेली असे. ओढ्यातले मासे आणि शेवाळ सरासरीवर जगत नाहीत. पहिल्या जोरदार पावसाबरोबर डंपातून धुऊन निघणारे पाणी सर्वांत वाईट असते आणि तेच सरासरीत बुडून जाते. शिवाय वस्तीतल्या लोकांना दिलेला अहवाल इतका तांत्रिक होता की तो कोणी वाचला नाही. ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे पाणी, मागच्या वर्षीचे आणि या वर्षीचे, एवढे एका पानात मांडून देणे अवघड नव्हते.

मग ही सेवा घ्यावी का? खाण नवी असेल आणि डंपच्या जागा अजून ठरायच्या असतील, तर या एजन्सीसारख्या संस्थेला सुरुवातीलाच बोलवावे. तिचे खरे मोल त्याच वेळी मिळते, आणि तेव्हा झालेली चूक पुढे कोणत्याही खर्चाने भरून निघत नाही. खाण बंद व्हायला आली असेल आणि केवळ उतार हिरवे करून द्यायचे असतील, तर मी ही सेवा सुचवणार नाही. त्या कामासाठी स्थानिक वनस्पतींची जाण असलेले, रोपवाटिका चालवणारे वेगळे पथक शोधावे.

करार करताना पैशाचा काही भाग दीर्घ काळ राखून ठेवावा. मघाशी उल्लेखलेल्या अमेरिकी कायद्यात झाडोऱ्याची जबाबदारी पावसाच्या प्रदेशात ५ वर्षे आणि कोरड्या प्रदेशात १० वर्षे खाणचालकावर राहते आणि अनामत रक्कम पूर्णपणे त्यानंतरच सुटते. अनामत अपुरी असली की काय होते ते कोलोरॅडोतील समिटव्हिल या उंच डोंगरावरच्या सोन्याच्या खाणीने दाखवले. कंपनीने डिसेंबर १९९२ मध्ये दिवाळखोरी पत्करून खाण सोडली आणि विषारी पाण्याचा सगळा भार सरकारवर आला.

आमच्या करारवाढीच्या मसुद्यात दगड, पाणी आणि देखरेख यांचे काम याच एजन्सीकडे ठेवले आहे. झाडोऱ्यासाठी हिरव्या टक्केवारीऐवजी तीन मोजमापे घातली आहेत. दोन कोरडे हंगाम उलटल्यावर जगलेली स्थानिक झुडपे, चाचणी खड्ड्यात दिसणारी मुळांची खोली आणि उतारावर पडलेल्या घळींची एकूण लांबी. पहिली दोन एजन्सीने मान्य केली आहेत. घळींच्या अटीवर बोलणी सुरू आहेत, कारण विक्रमी पावसाची जबाबदारी आपल्यावर येऊ नये असे तिचे म्हणणे आहे. चराची क्षमता ज्या पावसासाठी आखली आहे तीच मर्यादा घळींनाही लावावी, हा मधला मार्ग मी सुचवला आहे.